सिंगापूरचं हवामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूरला चार दिवस फिरायला निघालेले, नोकरीसाठी तिथे बस्तान हलवणारे आणि मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिने राहायला जाणारे आईवडील, हे सगळे हवामानाबद्दल जे विचारतात त्याची उत्तरं इथे आहेत. महिन्यांच्या सरासरीचे आकडे चांगी हवामान केंद्राचे, १९९१ ते २०२० या तीस वर्षांचे आहेत. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये दिलं आहे.

सिंगापूरमध्ये उन्हाळा कधी असतो?

वेगळा उन्हाळा असा नसतोच. शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १४० किलोमीटरवर आहे. त्यामुळे दुपारचा सूर्य बाराही महिने चांगलाच उंच असतो, अगदी डिसेंबरातही तो क्षितिजापासून ६५ अंशांच्या आसपास चढतो. महिन्याची सरासरी पाहिली तर जानेवारी आणि डिसेंबर सगळ्यांत कमी, २६.८ अंश, आणि मे सगळ्यांत जास्त, २८.६ अंश. म्हणजे वर्षभरातला फरक दोन अंशांचाही नाही.

आता एकाच दिवसाकडे बघा. पहाटे २५ आणि दुपारी ३१-३२, असा सहा-सात अंशांचा चढउतार तिथे रोजच होतो. म्हणून ‘कोणत्या महिन्यात जाऊ?’ या प्रश्नावर लोक जितका वेळ घालवतात, त्यातला निम्मा वेळ जरी ‘दिवसात कधी बाहेर पडू?’ यावर घालवला तरी सहल सुखाची होते. खालच्या बऱ्याच उत्तरांचा रोख हाच आहे.

मग रोजचं कमाल आणि किमान तापमान किती धरून चालायचं?

कमाल ३० ते ३३, किमान २४ ते २६. एवढं डोक्यात ठेवलं तर वर्षातला जवळपास कोणताही दिवस त्यात बसतो. महिन्याची सरासरी कमाल डिसेंबरात ३०.५ आणि एप्रिलमध्ये ३२.४ असते. किमान डिसेंबर-जानेवारीत २४.३, तर मे-जूनमध्ये २५.७.

यातला किमानाचा आकडा लोक वाचून सोडून देतात, पण मुक्काम मोठा असेल तर खरा प्रश्न तोच आहे. रात्रीचं तापमान २४-२५ च्या खाली सहसा उतरत नाही आणि हवेत दमटपणा असतो, त्यामुळे दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीसुद्धा पुरता विसावा मिळत नाही. पहिल्या आठवड्यात ‘झोप लागत नाही’ अशी तक्रार येते ती यामुळेच.

३२ अंश म्हणजे काही विशेष नाही, विदर्भात ४५ सोसतो आपण. मग तिथे इतका घाम का येतो?

कारण आकडा हवेच्या तापमानाचा असतो आणि त्रास हवेतल्या बाष्पाचा. सिंगापूरची सापेक्ष आर्द्रता वर्षभर सरासरी ८० टक्क्यांच्या पुढे राहते. सूर्योदयाआधी ती ९० च्या वर जाते आणि कोरड्या दिवशी दुपारी ६० च्या आसपास उतरते. ६० हा आकडा कमी वाटेल, पण ३२ अंशांच्या हवेतले ६० टक्के म्हणजे भरपूर बाष्प. हवेतलं प्रत्यक्ष बाष्प मोजायचं तर दवबिंदू बघावा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते. तो तिथे बहुतेक वेळ २४ अंशांच्या आसपास असतो, आणि दवबिंदू २० च्या वर गेला की बहुतेकांना हवा कोंदट वाटू लागते.

नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम येतो आणि लगेच वाळतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. सिंगापूरच्या हवेत घाम वाळतच नाही, नुसता ओघळत राहतो. शरीर आपलं काम करतं, पण गारवा काही मिळत नाही.

हे लक्षात घेऊन तिथल्या हवामान आणि पर्यावरण यंत्रणांनी जुलै २०२३ पासून उष्णतेच्या ताणाची सूचना सुरू केली. त्यात तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन हे चारही धरणारा ‘वेट बल्ब ग्लोब’ निर्देशांक वापरतात. तो ३१ च्या खाली असेल तर ताण कमी, ३१ ते ३३ मध्ये मध्यम, आणि ३३ किंवा त्याहून वर गेला की जास्त. हा ३३ आणि रोजच्या बातम्यांतला ३३ एक नाही, याची गल्लत करू नका. निर्देशांक ३३ वर असताना भर उन्हात पळणं धोक्याचं असतं.

आजवरचं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान किती?

सर्वांत जास्त ३७.०. तेही दोनदा: १७ एप्रिल १९८३ रोजी तेंगा इथे आणि १३ मे २०२३ रोजी आंग मो किओ इथे. सर्वांत कमी १९.०, फेब्रुवारी १९८९ मध्ये पाया लेबारला. सगळ्या नोंदी मिळून हा पल्ला फक्त १८ अंशांचा आहे. पुण्यात हिवाळ्यातल्या एखाद्या कोरड्या दिवशी पहाटे आणि दुपारी यांतच जवळपास इतका फरक पडतो.

विषुववृत्ताजवळ असूनही पारा ४० वर का जात नाही?

तीन कारणं आहेत आणि तिन्हींचं मूळ पाणी. बेट चहूबाजूंनी समुद्राने वेढलेलं आहे आणि तो समुद्र वर्षभर २७ ते ३० अंशांचा असतो, त्यामुळे हवेला फार तापूही देत नाही आणि फार गारही होऊ देत नाही. दुसरं, जमीन ओली आणि हिरवी असल्यामुळे उन्हाची बरीच ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तिसरं म्हणजे ढग. सकाळी जितकं कडक ऊन पडेल तितके दुपारी ढग जास्त साठतात, आणि तेच पुढे ऊन अडवतात किंवा पाऊस पाडून सगळं गार करतात. चाळिशी गाठायला लागते कोरडी जमीन आणि निरभ्र आकाश, जे मध्य भारतात मे महिन्यात असतं.

पावसाळा कोणत्या महिन्यांत असतो?

पाऊस बाराही महिने पडतो. वर्षाची सरासरी २११३ मिलिमीटर आणि पावसाचे दिवस १७१, म्हणजे साधारण दर दोन दिवसांतला एक. त्यातल्या त्यात ओले महिने नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी. डिसेंबरात ३३२ मिलिमीटर पडतो आणि १९ दिवस पावसाचे असतात. सगळ्यांत कोरडा फेब्रुवारी, १०५ मिलिमीटर आणि ९ दिवस.

वाऱ्यांच्या हिशेबाने वर्षाचे चार तुकडे पडतात. डिसेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत ईशान्य मोसमी वारे असतात. त्यांचा पहिला निम्मा भाग ओला आणि दुसरा कोरडा, वारा मात्र दोन्हींत बरा. मार्चअखेर ते मे हा संक्रमणाचा काळ: वारा पडलेला, उकाडा जास्त, दुपारी गडगडाट. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे, पण आपल्याकडे जे घेऊन येतात ते तिथे आणत नाहीत, कारण वाटेत सुमात्रा बेट आडवं पडलेलं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा संक्रमण, पुन्हा दुपारचे गडगडाट.

मुंबईच्या पावसाची सवय आहे. फरक पडेल का?

एकूण बेरीज पाहिली तर दोन्ही शहरं एकाच पंगतीतली. मुंबईत वर्षाला साधारण २२०० ते २५०० मिलिमीटर पडतो. फरक वाटणीत आहे. मुंबईचा जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो, मग आठ महिने छत्री माळ्यावर. सिंगापूरने तोच पाऊस बारा महिन्यांवर पसरला आहे. त्यामुळे छत्री वर्षभर पिशवीत राहते, पण आठवडाभर सूर्यदर्शन नाही असं क्वचितच घडतं.

एका दिवसात कोसळण्याची ताकद तिथेही आहे. २ डिसेंबर १९७८ रोजी चोवीस तासांत ५१२ मिलिमीटर पाऊस झाला, तो तिथला विक्रम. २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर ज्यांनी अनुभवले आहेत त्यांना तो आकडा लहान वाटेल, पण शहर लहान आहे हेही धरा.

अंदाजात सातही दिवस गडगडाटाचं चित्र दिसतंय. तिकीट रद्द करू का?

नको. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मोबाइलवरच्या अॅपला दिवसासाठी एकच चित्र दाखवायचं असतं. दिवसभरात बेटाच्या एखाद्या कोपऱ्यात अर्धा तास जरी गडगडणार असेल, तरी ते विजेचा ढग काढून मोकळं होतं. विषुववृत्ताजवळ असं कुठे ना कुठे जवळपास रोजच घडतं, म्हणून आठवडाभर तेच चित्र दिसतं. त्याचा अर्थ आठवडा पाण्यात गेला असा होत नाही.

प्रत्यक्षात नेहमीचा पाऊस आपल्या वळवासारखा असतो. सकाळ लख्ख, अकरा-बारापर्यंत पांढरे ढग, दोनच्या सुमारास एका बाजूने काळंभोर आभाळ, मग गार वाऱ्याचा एक झोत आणि पाठोपाठ सर. तासाभरात, फार तर दोन तासांत उघडीप. रस्ता वाळतो आणि लोक पुन्हा कामाला लागतात. ही सर स्थानिक असते. बेट पूर्व-पश्चिम जेमतेम ५० किलोमीटरचं आहे, तरी पश्चिमेच्या जुरोंगला धो धो कोसळत असताना पूर्वेच्या चांगीला कोरडं ठणठणीत असू शकतं. सरासरी काढली तरी पूर्वेकडे पाऊस कमी आणि उत्तर-पश्चिमेकडे जास्त पडतो.

याला एक अपवाद आहे. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात चीनकडून थंड हवेची लाट दक्षिण चिनी समुद्रावरून खाली येते आणि वाटेत बाष्प गोळा करते. अशी लाट पोचली की दोन-तीन दिवस, कधी जास्तही, झड लागल्यासारखा पाऊस पडतो. तो मात्र खराखुरा दिवस खाणारा पाऊस. जानेवारी २०२५ मध्ये अशी लाट आली होती. तुमच्या सहलीत ती सापडली तर संग्रहालयांचे दिवस पुढे ओढा, दुसरा इलाज नाही.

पहाटे अचानक वादळ सुटतं म्हणतात, ते काय?

सुमात्रा आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीवर रात्री ढगांची रांग तयार होते आणि पूर्वेकडे सरकत पहाटे ते दुपारपूर्वी कधीतरी सिंगापूरवरून निघून जाते. एप्रिल ते नोव्हेंबर हा तिचा काळ. सोसाट्याचा वारा सुटतो, त्याचे झोत ताशी ४० ते ८० किलोमीटरचे असतात. तासभर मुसळधार पडतो, मग हलकी रिपरिप, आणि सकाळ छान गार होते. २५ एप्रिल १९८४ रोजी तेंगाला अशाच एका वादळात ताशी १४४ किलोमीटरचा झोत नोंदवला गेला होता.

गॅलरीत कपडे वाळत घालून झोपू नका, कुंड्या कठड्यावर ठेवू नका. एवढं पुरे.

चक्रीवादळाची भीती आहे का?

जवळपास नाही. चक्रीवादळाला गरगर फिरायला पृथ्वीच्या परिवलनाचा जो रेटा लागतो तो विषुववृत्तापाशी शून्याकडे गेलेला असतो, म्हणून पाच अंश अक्षांशाच्या आत सहसा वादळ जन्मालाच येत नाही. २७ डिसेंबर २००१ रोजी मात्र ‘वामेई’ नावाचं वादळ विषुववृत्तापासून अवघ्या दीड अंशावर तयार झालं आणि सिंगापूरच्या उत्तरेकडून मलेशियातल्या जोहोरमध्ये शिरलं. हवामानशास्त्राच्या पुस्तकांत त्याचं उदाहरण देतात ते ते इतकं दुर्मीळ आहे म्हणूनच.

विजांचं काय?

ही खरी काळजी घ्यायची गोष्ट, आणि पाहुणे नेमकं इथेच दुर्लक्ष करतात. वर्षात १६० हून अधिक दिवस गडगडाटाचे असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबरात सर्वांत जास्त. आकाश अजून अर्धं निळं असतानाही वीज पडू शकते. पोहण्याच्या तलावावर इशारा झाला की सगळ्यांना बाहेर काढतात. पैसे भरलेत म्हणून वाद घालू नका. समुद्रकिनारा, मोकळं मैदान, गोल्फचं मैदान, एकटं झाड, आणि अर्थातच हातातली लांब दांड्याची छत्री, गडगडाट ऐकू आल्यावर या सगळ्यांपासून लांब व्हा.

पाणी तुंबतं का?

थोडा वेळ, ठरावीक सखल भागांत, बहुतेक वेळा तासाभरात ओसरतं. जून २०१० मध्ये ऑर्चर्ड रोडसारख्या महागड्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा मोठी चर्चा झाली. त्यानंतर त्या भागासाठी भूमिगत साठवण टाकी आणि पाणी वळवणारा कालवा बांधण्यात आला, तो २०१८ मध्ये पूर्ण झाला. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की काय होतं हे मुंबईकरांना सांगायला नको. सिंगापूरने त्यासाठी मरिना बराज हा बांध घातला. ओहोटीला दरवाजे उघडून आणि भरतीला पंप लावून पाणी समुद्रात सोडतात, आणि एरवी तोच बांध गोड्या पाण्याचा जलाशय राखतो.

धुराच्या बातम्या ऐकल्या आहेत. त्या कोणत्या महिन्यांतल्या?

मुख्यतः जून ते ऑक्टोबरच्या सुमारास. सुमात्रा आणि बोर्निओमधल्या दलदलीच्या, कुजलेल्या वनस्पतींनी भरलेल्या जमिनीला आग लागते, बऱ्याचदा शेतीसाठी रान साफ करताना लावलेली. ही आग जमिनीखाली धुमसत राहते आणि नैर्ऋत्येचा वारा तिचा धूर सिंगापूरवर आणतो. २१ जून २०१३ रोजी तीन तासांचा प्रदूषण निर्देशांक ४०१ वर गेला होता, तो उच्चांक आहे. २०१५ आणि २०१९ मध्येही त्रास झाला. दरम्यान, २०१४ मध्ये सिंगापूरने सीमेपलीकडून धूर पसरवणाऱ्या कंपन्यांवरही कारवाई करता येईल असा कायदा केला.

दरवर्षी हे होत नाही. पॅसिफिकमध्ये एल निनो, म्हणजे तिथलं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा गरम असेल किंवा हिंदी महासागराच्या पूर्व भागातलं पाणी नेहमीपेक्षा गार असेल, तर इंडोनेशिया कोरडा पडतो आणि धोका वाढतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी अशा वर्षी ऑगस्ट-सप्टेंबर टाळलेलं बरं. निर्देशांक १०० च्या पुढे गेला की हवा आरोग्याला अपायकारक आणि ३०० च्या पुढे घातक समजतात.

दिवस केवढा असतो? सूर्य किती वाजता उगवतो?

दिवस बारा तासांचा, वर्षभर. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान दिवस यांत दहा मिनिटांच्या आसपास फरक पडतो. सूर्योदय सातच्या आगेमागे, सूर्यास्त सायंकाळी सातच्या आगेमागे.

यात एक गंमत आहे आणि ती कामाची आहे. सिंगापूर ज्या रेखांशावर आहे त्या हिशेबाने घड्याळ तासभर पुढे आहे. १९८२ सालापासून मलेशियाबरोबर त्यांनी हीच वेळ धरली. परिणाम असा की सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी एकच्या सुमारास. आपण ‘चार वाजले, ऊन उतरलं’ या अंदाजाने बाहेर पडतो, पण तिथले चार म्हणजे सूर्याच्या हिशेबाने तीन. मरिना बेच्या उघड्या फरशीवर चार वाजता मुलांना घेऊन जाणाऱ्यांची दशा बघण्यासारखी असते. साडेपाचनंतर जा.

उन्हाचा चटका किती? सनस्क्रीन लागेल का?

लागेल, सावळ्या कातडीलाही. अतिनील किरणांचा निर्देशांक निरभ्र दुपारी ११ च्या वर जातो, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली गोळा होते. त्या दोन वेळांच्या आसपास चटका सर्वाधिक. ढगाळ दिवशी फसगत होते, कारण विरळ ढगांतून अतिनील किरण बरेचसे खाली येतात.

ज्यांना घर भाड्याने घ्यायचं आहे त्यांच्यासाठी एक सूचना. मार्चअखेर ते सप्टेंबर सूर्य दुपारी उत्तरेकडे असतो आणि उरलेले महिने दक्षिणेकडे, पण तो इतका उंच असतो की उत्तर-दक्षिण खिडक्यांतून ऊन फारसं आत येत नाही. पश्चिमेची भिंत मात्र बाराही महिने तापते आणि रात्री दहापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. घर बघायला सायंकाळी पाचला जा आणि बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला हात लावून बघा. दलाल सकाळची वेळ सुचवेल.

शहरातला कोणता भाग गार असतो?

झाडी असलेला. सिंगापूरच्या दाट वस्तीत आणि उपनगरी जंगलाळ भागांत रात्रीच्या तापमानात सात अंशांपर्यंत फरक मोजला गेला आहे. काँक्रीट दिवसभर उष्णता साठवतं आणि रात्री हळूहळू सोडतं. त्यात एसीची गरम हवा आणि गाड्यांची भर. मॅकरिचीच्या जलाशयाकाठी, बुकित तिमाहच्या रानात सकाळी गेलात तर हा फरक अंगाला कळतो. बुकित तिमाह ही सर्वांत उंच टेकडी, पण उंची फक्त १६० मीटरच्या आसपास. तेव्हा थंड हवेचं ठिकाण म्हणून तिची अपेक्षा करू नका, गारवा झाडांचा आहे.

सावलीची सोय मात्र शहराने मनापासून केली आहे. जुन्या दुकानांपुढचे छपराखालचे पादचारी रस्ते शहर वसवणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या, रॅफल्सच्या, १८२२ सालच्या नगररचनेपासून आहेत. सरकारी वसाहतींच्या इमारतींखालचा मोकळा तळमजला सावलीचा असतो आणि तिथे वाराही खेळतो. अलीकडे मेट्रो स्थानकांच्या ४०० मीटर परिघात शाळा, दवाखाने, वसाहती यांच्यापर्यंत छत घातलेल्या वाटा बांधल्या आहेत. रस्ता माहीत असेल तर भर पावसात कोरडं घरी पोचता येतं.

इतकी उष्णता आहे तर स्वेटर न्यायची गरज नाही ना?

पातळ जॅकेट किंवा शाल न्याच. बाहेर ३२ आणि आत मॉल, मेट्रो, सिनेमागृहात २२-२३, तेही घामाने भिजलेल्या सदऱ्यावर. सिंगापूरमध्ये आजारी पडणाऱ्या पाहुण्यांपैकी अनेकांच्या बाबतीत मला तरी संशय या आतबाहेर करण्याचाच येतो. सुती, सैल, फिक्या रंगाचे कपडे, एक जास्तीचा जोड, पटकन वाळणाऱ्या चपला. जाड जीन्स घरीच ठेवा, ती ओली झाली की दोन दिवस वाळत नाही.

एसीशी या शहराचं नातं जुनं आहे. पहिले पंतप्रधान ली कुआन यू यांनी एसीला उष्ण कटिबंधातल्या विकासाचा मोठा आधार मानलं होतं आणि सत्तेत आल्यावर सरकारी कार्यालयांत तो आधी बसवला होता.

कायम राहायला जातोय. घरात बुरशी लागते का?

लागते, आणि पहिल्या वर्षी सगळ्यांना धक्का बसतो. चामड्याचे पट्टे, बूट, रेशमी साड्या, कॅमेऱ्याची भिंगं, पुस्तकं, लग्नाचे अल्बम यांवर पांढरी-हिरवी बुरशी धरते. कपाटं भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे वारा खेळू द्या. कपाटात बाष्प शोषणारे डबे ठेवा, पाणी भरलं की बदला. कॅमेरा असेल तर आर्द्रता राखणारी छोटी पेटी घेणं भिंग बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं. एसीच्या ड्राय मोडमध्ये रोज तासभर खोली कोरडी केली तरी बराच फरक पडतो. पैठण्या आणि जरीच्या साड्या तिकडे नेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. चार लागतील त्या न्या, बाकी भारतातच ठेवा.

कपडे वाळवण्याचं गणित सोपं: सकाळी लवकर बाहेर, दुपारी एकच्या आत घरात.

डेंग्यू?

वर्षभर असतो, मे ते ऑक्टोबर या काळात रुग्ण वाढतात, कारण उष्णतेत डासाची वाढ झपाट्याने होते. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साठू देऊ नका. तपासनीस घरी येतात आणि अळ्या सापडल्या तर दंड करतात.

सकाळी पळायला जाणाऱ्यांनी कोणती वेळ धरावी?

सात ते साडेआठ. पहाटे हवा सर्वांत गार पण सर्वांत दमटही असते, त्यामुळे घाम भरपूर येतो. तरीही ऊन नसल्यामुळे एकूण ताण दुपारपेक्षा कितीतरी कमी. सायंकाळी पळायचं तर सातनंतर. नव्या माणसाने पहिले दहा-पंधरा दिवस वेग आणि अंतर दोन्ही निम्म्यावर आणावं. शरीराला या हवेशी जुळवून घ्यायला साधारण तेवढा वेळ लागतो. नुसतं पाणी पीत राहण्यापेक्षा अधूनमधून मीठ-साखरेचं पाणी घ्या.

जायचंच आहे तर त्यातल्या त्यात चांगला महिना कोणता?

माझं मत विचाराल तर फेब्रुवारी. पाऊस सर्वांत कमी, ईशान्येचा वारा चालू, आणि आर्द्रताही किंचित उतरलेली. क्वचित तो अतिच कोरडा जातो. २०१४ मध्ये १३ जानेवारी ते ८ फेब्रुवारी असे सलग २७ दिवस पाऊस नव्हता, शहरातली हिरवळ तपकिरी झाली होती.

जून ते ऑगस्टही चालेल, पाऊस बेताचा असतो. एप्रिल-मे सर्वांत उकाड्याचा, आणि नेमक्या तेव्हाच आपल्या शाळांना सुट्ट्या असतात. पर्याय नसेल तर दुपारी बारा ते चार हॉटेलवर झोपा काढा आणि रात्री अकरापर्यंत फिरा, शहर रात्री सुरक्षित आणि जागं असतं. दिवाळीत गेलात तर दुपारच्या गडगडाटी सरी धरून चला. नाताळच्या सुट्टीत पाऊस जास्त, पण गारवाही जास्त. पावसाच्या लाटेत पारा २२ च्या आसपास रेंगाळला की तिथले लोक स्वेटर घालून फोटो टाकतात आणि आपल्याला हसू येतं.

हवामान बदलाचा परिणाम दिसतोय का?

स्पष्ट दिसतो. गेल्या काही दशकांत दर दहा वर्षांना साधारण पाव अंश या वेगाने शहर तापलं आहे. त्यात जागतिक तापमानवाढीबरोबर वाढत्या बांधकामाचाही वाटा आहे. २०१६, २०१९ आणि २०२४ ही तीन वर्षं आतापर्यंतची सर्वांत उष्ण, प्रत्येकाची सरासरी २८.४ अंश. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अभ्यासानुसार शतकाच्या अखेरीस सरासरी तापमान ०.६ ते ५ अंशांनी वाढू शकतं आणि समुद्राची पातळी सव्वा मीटरच्या थोडी अलीकडे, १.१५ मीटरपर्यंत चढू शकते. ३५ अंशांपुढचे दिवस आज वर्षाला सरासरी २१ च्या आसपास आहेत, ते किमान ४१ होतील असा अंदाज आहे. जगाने उत्सर्जन आवरलंच नाही तर ते ३५१ होतील, म्हणजे जवळपास रोजच. बेटाचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून फार उंच नसल्यामुळे किनारा संरक्षणाचा विषय तिथे निवडणुकीच्या भाषणांतही येतो.

रोजचा अंदाज कुठे बघावा?

मोबाइलमध्ये मुळात असलेल्या अॅपपेक्षा तिथल्या पर्यावरण संस्थेचं ‘मायईएनव्ही’ अॅप घ्या. त्यात पुढच्या दोन तासांचा अंदाज वस्तीनिहाय मिळतो, पावसाचं रडार दिसतं, विजेचा इशारा, धुराचा निर्देशांक आणि उष्णतेचा ताण हे सगळं एका जागी. सात दिवसांच्या अंदाजाकडे फारसं लक्ष देऊ नका. बाहेर पडण्यापूर्वी रडार उघडा, लाल-पिवळा पट्टा कोणत्या बाजूने कुठे सरकतोय ते बघा, आणि तो तुमच्याकडे येत असेल तर चहा टाका. तासाभराने निघा.